लंकेतलं बाळंतपण

श्रीलंकेला जाऊन आले म्हटल्यावर लोक आधी सिगिरियाच्या खडकाबद्दल विचारतात. मी तो खालून पाहिला. खालूनही तो चांगला दिसतो. जंगलाच्या मधोमध कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. वर जुन्या राजाच्या महालाचे चौथरे आहेत, पाण्याचं मोठं टाकं आहे आणि चारी बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत रान आहे, असं मला माझ्या नवऱ्याने आणि सासूबाईंनी उतरून आल्यावर सांगितलं. मला वर जाता आलं नाही, कारण माझं सिझेरियन झालं होतं. ते नाशिकला झालं, फार अवघड गेलं आणि टाके बरेच दिवस ओले होते. ही सगळी माहिती मला त्याच प्रवासात, बसमध्ये बसल्या बसल्या, सासूबाईंच्या तोंडून कळली.

धुळे

मी धुळ्यात एका बँकेत काम करते. संजय, माझा नवरा, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. त्याची आई, म्हणजे अक्का, साक्रीजवळच्या आमच्या गावी राहतात. अनुराधपुऱ्याच्या बोधिवृक्षाखाली एकदा डोकं टेकायचं, ही अक्कांची जुनी इच्छा. म्हणून आम्ही तिघांनी अमळनेरच्या एका टूरवाल्यांकडे नावं दिली. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी टूर दोनदा पुढे ढकलली, कारण बस भरत नव्हती. शेवटी त्यांनी देवळं पाहायला निघालेली मंडळी आणि विहार पाहायला निघालेली मंडळी एकाच बसमध्ये घालून ‘देवदर्शन व बुद्धदर्शन’ अशी जोडटूर काढली आणि बस भरली.

मधल्या काळात आमच्या घरी मैत्री आली. दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवून आम्हाला काही वर्षं झाली होती. आपला नंबर कुठेतरी फायलीखाली दबून वारला असणार, अशी माझी खात्री झाली होती, तेवढ्यात फोन आला. घरी आली तेव्हा ती चार महिन्यांची होती. तिच्यामागोमाग सरकारी सोपस्कार, जन्माचा दाखला आणि पासपोर्ट आला, आणि आबांचाही फोन आला की टूर आता नक्की. मैत्री तोवर दहा महिन्यांची झाली होती. डॉक्टर म्हणाले, खुशाल न्या. अख्खी गल्ली म्हणाली, नेऊ नका. इतक्या लहान लेकराला परदेशात नेतं का कुणी, असं ज्या शेजारणीने विचारलं तिने स्वतःचं लेकरू सव्वा महिन्याचं असताना भर मे महिन्यात एसटीने साक्रीला नेलं होतं. पण साक्री परदेशात नाही.

मुंबईच्या विमानतळावर अक्कांच्या हातातल्या पिशवीत ठेच्याची बरणी सापडली. ही नेता येणार नाही, असं तपासणीवाल्याने सांगितलं. अक्का त्याला म्हणाल्या, “फेकी दे बाबा, पन आधी वास तं ली पहा.” त्याने खरंच झाकण उघडून वास घेतला. तो शिंकेपर्यंत रांग थांबली. बरणी गेली ती गेलीच.

अनुराधपुरा

कोलंबोहून अनुराधपुऱ्याला जाताना बसची वाटणी आपोआप झाली. डावीकडे देवळं, उजवीकडे विहार. आम्ही उजवीकडे. मधल्या वाटेत आबा माइक घेऊन उभे. आबा स्वतः श्रीलंकेला पहिल्यांदाच आले होते, पण त्यांनी ते आम्हाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तिथला गाइड निहाल, शांत माणूस, हिंदी बेताची. तो जे सांगे त्याच्या आधी आबा सांगत आणि मग निहाल दुरुस्ती करे.

आमच्या मागच्या सीटवर सूर्यवंशी मॅडम होत्या. जळगावच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. निवृत्त शाळेतून झाल्या होत्या, मुख्याध्यापिकापणातून नाही. मी मैत्रीला बाटलीने दूध पाजायला घेतलं तशा त्या दोन सीटच्या मधल्या फटीतून बोलल्या.

“अंगावर नाही पाजत?”

मी म्हटलं, “नाही.”

“हीच चूक करतात आजकालच्या मुली. डिलिव्हरी नॉर्मल होती ना?”

मी तोंड उघडायच्या आत पुढच्या सीटवरून अक्कांचा आवाज आला. “सिझर झायं. नाशिकले.”

मला वाटलं, त्यांनी प्रश्न चुकून दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकला. पण त्या सीटवर अर्ध्या वळून बसल्या आणि पुढचंही सांगू लागल्या. कळा कधी सुरू झाल्या, गाडी कुठे अडकली, डॉक्टर काय म्हणाले, टाके कसे ओले राहिले. अक्कांना गोष्ट सांगता येते. गावी त्या बोलायला लागल्या की बायका हातातलं काम खाली ठेवतात. इथेही हळूहळू उजवी बाजू सगळी ऐकू लागली आणि डावीकडच्याही दोन-तीन माना वळल्या. मला स्वतःला पुढे काय झालं याची उत्सुकता लागली होती. शेवटी मी वाचले, बाळ वाचलं आणि अक्का म्हणाल्या, “पोर बठ्ठी संजयवर गई शे. नाक दखा.”

सगळ्यांनी संजयचं नाक पाहिलं. संजयने ते रुमालाने झाकलं.

मॅडमनी मग अळीव, डिंक, शतावरी आणि पोटपट्टी यांवर धुळे ते सुरत जाऊन येता येईल एवढा वेळ मला मार्गदर्शन केलं. जेवायला थांबलो तेव्हा मी संजयला बाजूला घेतलं.

“हे काय चाललंय?”

“मला तरी काय माहीत?” तो म्हणाला. “आता काय, चारचौघांत अक्काला खोटं पाडायचं?”

“मग काय करायचं?”

“घरी गेल्यावर बोलू.”

नवरे जगातले बहुतेक प्रश्न घरी गेल्यावर सोडवतात. पण मला राग येण्याचं कारण वेगळं होतं. मैत्रीला पहिल्यापासून खरं सांगायचं, ती बोलायला लागायच्या आधीपासून, हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं. संस्थेतल्या ताईंनीही तेच सांगितलं होतं. लपवलेली गोष्ट मुलांना कधी ना कधी कळते, आणि ती लपवली होती हेही त्याच वेळी कळतं. हे सगळं अक्कांना माहीत होतं. त्यांनी तेव्हा मान हलवली होती. मान हलवणं म्हणजे हो नव्हे, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

अनुराधपुऱ्याला मात्र राग टिकत नाही. बाहेरच चपला काढायच्या. लोक बहुतेक पांढऱ्या कपड्यांत. हजारो माणसं आणि आवाज फक्त वाळूवर पडणाऱ्या पावलांचा. आमच्याकडे पाच माणसं देवापुढे उभी राहिली तर त्यातली दोन तरी पुढच्याला ढकलतात. इथे रांगेत मी संजयला हळूच म्हटलं, “हे लोक ढकलत का नाहीत?” तो म्हणाला, “शिकवलं नसेल कुणी.”

एका बाईने हात पुढे करून मैत्रीला मागितलं. मी दिली. तिने मैत्रीच्या गालाला नाक लावून खोल श्वास घेतला. तिथे मुका असा घेतात, हुंगून. नाव विचारलं. मी म्हटलं, मैत्री. ती बाई थबकली, मग हसली आणि शेजारणीला म्हणाली, “मैत्री, मैत्री.” त्यांच्या भाषेतही शब्द तोच, अर्थही तोच. मग मैत्री या हातातून त्या हातात अशी बरीच लांब गेली. माझा जीव वर-खाली होत होता, पण तिला काही नव्हतं. ती प्रत्येकीच्या केसांतलं फूल ओढून बघत होती. परत आली तेव्हा तिच्या मुठीत एक निळं कमळ होतं. नाव सोडून मला कुणी काही विचारलं नाही. टाक्यांची चौकशी तर मुळीच नाही.

बोधिवृक्षाभोवती सोनेरी कठडा आहे. निहालने सांगितलं, “ये इंडिया से आया. बहुत छोटा था. इधर के लोगों ने पाला.” आबा माइकशिवायच म्हणाले, “म्हणजे आपलंच झाड.” अक्का कठड्यापाशी डोकं टेकून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्यावर चिडलेली होते आणि तरी मला त्यांना तिथून कुणी हलवू नये असं वाटत होतं.

रात्रीच्या जेवणात लाल तांदूळ, मसूर आणि खोबऱ्याची लाल चटणी. आबांनी जाहिरातीत खान्देशी जेवणाचं वचन दिलं होतं, पण त्यांचा आचारी काही आला नव्हता आणि त्याच्या जागी शेवेची मोठमोठी पाकिटं आली होती. प्रत्येक पदार्थावर आबा स्वतः शेव टाकून फिरत. अक्कांनी चटणी चाखली आणि बराच वेळ विचार केला.

“तिखट शे,” त्या म्हणाल्या. “पन शेंगदाना कोठे शे?”

सिगिरिया

खडक चढायला लोखंडी जिने आहेत, बरेच उभे. मला ट्रेकिंगची आवड आहे. लळिंगचा किल्ला मी कितीदा चढले आहे. संजयशी मी आधीच ठरवलं होतं, तो मैत्रीला घेऊन खाली थांबेल आणि मी वर जाईन. मी आले की तो जाईल.

बूट बांधत होते तेव्हा सूर्यवंशी मॅडम पुढ्यात उभ्या राहिल्या. “तू कुठे निघालीस?”

“वर.”

“सिझर होऊन वर्ष झालं नाही आणि जिने चढतेस? संजय, तुम्ही नवरे असून कसं चालू देता?”

बघता बघता आमच्याभोवती सल्लागार मंडळ जमलं. डावी आणि उजवी बाजू मिसळून गेली. एका बाईने हर्निया झालेल्या वहिनीची गोष्ट सांगितली, दुसरीने त्याहून भयंकर. देवरे नाना नावाचे अमळनेरचे गृहस्थ होते, डाव्या बाजूचे पुढारी. कधीकाळी सोसायटीचे चेअरमन. ते म्हणाले, “पोरी, खडक कोठे पळी जात नही. पुढला साल ये.” मी अक्कांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी त्या काही बोलतील. बोलल्या.

“तू बस खाले,” अक्का म्हणाल्या. “टाका तुटतीन.”

आणि वयाची सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई, ज्या दिवाळीत कंदील लावायला स्टुलावर चढत नाहीत, संजयचा हात धरून सिगिरियाचा खडक चढून गेल्या.

मी एका झाडाखाली बसले. मांडीवर मैत्री, शेजारी शेवेचं पाकीट. समोर एक माकड येऊन बसलं. तिघांनी एकमेकांकडे बघत बराच वेळ काढला. मग माकडाने पाकीट नेलं आणि मैत्री पहिल्यांदाच मोठ्याने, पोट हलवून हसली. तोवर ती कधी अशी हसली नव्हती. ते वर गेलेल्यांना दिसलं नाही, एवढंच माझं समाधान.

उतरल्यावर अक्कांनी वरच्या महालाचं सांगितलं, सिझेरियनचं नाही. माझ्याशेजारी बसून पाय चेपत राहिल्या. 

कँडी

कँडीला पोचलो त्या दुपारी मैत्रीचं अंग तापलं. मी मांडीवर घेऊन कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होते, तेवढ्यात तिचे हातपाय ताठ झाले आणि अंगाला एक झटका बसला. क्षणभरच असेल. मग ती रडली आणि माझ्या गळ्याला बिलगली. त्या क्षणभरात मी काय केलं ते मला आठवत नाही. संजय सांगतो की मी अनवाणी हॉटेलच्या बाहेर रस्त्यावर उभी होते.

निहालने रिक्षा आणली. जवळच एका डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. मी, संजय, अक्का निघालो आणि सूर्यवंशी मॅडमही रिक्षात बसल्या. इंग्रजी बोलायला कुणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. मी बँकेत रोज इंग्रजीत पत्रं लिहिते, संजय एम.ए. आहे, पण तेव्हा वाद घालायची माझी ताकद नव्हती.

डॉक्टरबाई चाळिशीच्या, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी मैत्रीला तपासलं, कानात दिवा घालून पाहिलं. मग माझ्याकडे वळून सोप्या इंग्रजीत विचारू लागल्या. जन्माच्या वेळी वजन किती होतं? दिवस पूर्ण भरले होते का? घरात कुणाला लहानपणी तापात झटके येत होते का?

मॅडमनी शेवटच्या प्रश्नाचं मराठी केलं. मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात अक्का बोलल्या. “संजयले बी ताप उना का झटका येत. बापवर गई शे ती.”

मॅडम डॉक्टरांकडे वळल्या. “येस डॉक्टर, फादर हॅड फिट्स.”

डॉक्टरबाई ते लिहायला खाली वाकल्या. मी म्हटलं, “नो.”

खोलीत सगळे माझ्याकडे बघू लागले. मी इंग्रजीत सांगितलं की ही माहिती खरी नाही. आम्ही हिला दत्तक घेतलं आहे. जन्माच्या वेळचं वजन, हिच्या घरातली दुखणी, आम्हाला काहीच ठाऊक नाही. मग तेच पुन्हा मराठीत सांगितलं, अक्कांकडे बघून, कारण ते मला त्यांना सांगायचं होतं. “अक्का, हिला औषध द्यायचंय. इथे खोटं नाही चालत.”

अक्का भिंतीकडे बघत राहिल्या. मॅडमचं तोंड उघडं होतं, पण आतून काही येत नव्हतं. सबंध प्रवासात एवढी एकच वेळ.

डॉक्टरबाईंनी लिहिलेलं खोडलं. अजिबात चमकल्या नाहीत. म्हणाल्या, “ठीक आहे. मग तुमच्याकडे आल्यापासूनचं सांगा.”

ते मला सगळं येत होतं. किती झोपते, कुठल्या कुशीवर झोपते, नाचणी आवडते पण केळं थुंकते, सर्दी कधी झाली, लस कोणत्या महिन्यात दिली, दात येताना कुठला कान ओढायची. मी बोलतच सुटले. बाजूने संजय एकेक गोष्ट जोडत होता. डॉक्टरबाई मध्येच थांबवून म्हणाल्या, “कुठला कान?” मी म्हटलं, डावा. त्यांनी मान हलवली. डाव्या कानातच दुखणं होतं, त्याचाच ताप. झटका तापाचा, या वयात अनेक मुलांना येतो, पुन्हा आला तर काय करायचं तेही त्यांनी नीट समजावलं. तिथेच औषध पाजून आम्हाला बराच वेळ बसवून ठेवलं. संध्याकाळपर्यंत मैत्रीचा ताप उतरला आणि ती दवाखान्याच्या बाकावरची गादी उसवू लागली, तेव्हा त्यांनी आम्हाला जायला सांगितलं.

नुवारा एलियाच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी बसमध्ये पाय ठेवला आणि कळलं की मॅडमचं तोंड रात्रीतून पूर्ववत झालं आहे.

आतापर्यंत मी बाळंतीण होते, आता मी देवी झाले. “फार मोठं पुण्याचं काम केलंत,” असं मला इतक्या जणांनी सांगितलं की मी शेवटी हात जोडूनच बसले. एका बाईने मैत्रीच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला आणि डोळे पुसले. मैत्री ठणठणीत बरी होती आणि त्या वेळी निहालच्या माइकची वायर चावत होती. “बिच्चारी,” बाई म्हणाली. काल संध्याकाळपर्यंत तीच पोर नाकेली, गोरी आणि बापासारखी हुशार होती. एका रात्रीत तिचं नाक कुणाचंच राहिलं नाही. एक बाई म्हणाल्या, आता बघा, हिच्या पायगुणाने तुम्हाला स्वतःचंही होईल. मी विचारलं, “ही कुणाची आहे मग?” त्यावर त्या हसल्या. विनोद वाटला त्यांना.

चहाचे मळे सुरू झाले. डोंगर असे हिरवे, जसे आमच्याकडे साक्रीच्या पश्चिमेला जेमतेम दोन महिने असतात. बायका पाठीवर पोती बांधून पानं खुडत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते तेवढ्यात मागच्या फटीतून मॅडम कुजबुजल्या.

“वैशाली, एक विचारू? आपल्यातलीच आहे ना गं?”

मी म्हटलं, “आपल्यातली म्हणजे?”

“म्हणजे आपल्यातली.”

मी म्हटलं, “माहीत नाही,” आणि पुढे बघत बसले. परवा याच बाई बोधिवृक्षापुढे हात जोडून उभ्या होत्या. दुसरीकडून आणून परक्यांनी वाढवलेलं झाड. त्यावरून द्यायला एक छान उत्तर मला सुचलं, पण ते कोलंबोला पोचल्यावर. चांगली उत्तरं मला नेहमी अशीच उशिरा सुचतात.

घाटात बस एका टपरीपाशी चहाला थांबली. डाव्या बाजूचे देवरे नाना शेवेचं शेवटचं पाकीट हातात घेऊन सगळ्यांना वाटत होते. आबांचा साठा संपला होता. अक्का बाकावर बसल्या होत्या, कालपासून कुणाशी बोलल्या नव्हत्या. मांडीवर मैत्री होती. नाना त्यांच्यापुढे थांबले.

“अक्का, एक इचारू का? राग नका मानू.”

“इचारा.”

“पोर कोना घरनी शे, काही समजनं का? म्हंजे समाज कोनता?”

सगळी टपरी ऐकत होती. डावी बाजू, उजवी बाजू, चहाचे कप हातात. देवळं आधी की विहार आधी, जेवण व्हेज की नॉनव्हेज, एसी किती ठेवायचा, कशावरही या बसचं कधी एकमत झालं नव्हतं. या एका प्रश्नावर झालं होतं. मला भीती वाटली. अक्का आता काय रचतील, पुन्हा कुठलं गाव, कुठलं घराणं, कुणाची लांबची भाची. आणि तेही परवडलं असतं. त्या गप्प बसतील, याची मला जास्त भीती होती.

अक्कांनी मैत्रीच्या तोंडातून तिच्याच टोपडीची नाडी सोडवली, तिचं तोंड पदराने पुसलं.

“मना घरनी शे,” त्या म्हणाल्या. “शेव इकडे द्या.”

नानांनी शेव दिली. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. मॅडम चहाच्या कपात बघू लागल्या. आबांनी, प्रथमच वेळ साधून, बस सुटत असल्याचं जाहीर केलं.

नुवारा एलियाला थंडी होती. मंडळी देऊळ पाहायला गेली. मी, अक्का आणि मैत्री हॉटेलच्या बागेत उन्हाला बसलो. अक्कांनी माझी शाल मैत्रीला गुंडाळली, आपली मला दिली आणि स्वतः संजयचा स्वेटर घातला. मग म्हणाल्या, “तुले वाटनं अशीन, मी तुना करता खोटं बोलनू.”

“वाटलं होतं,” मी म्हटलं. “लोक मला बोलतात म्हणून.”

“तुना करता नही. मना करता.” त्या डोंगराकडे बघत बोलत होत्या. “साक्रीना बजारमा जाऊ तं बठ्ठ्या बाया एकच इचारेत. सुनले काही व्हयनं का? वरीसनं वरीस. मी दमी गयी वं. अठे आपले कोनी वळखत नही. म्हनं, एकदाव सांगी दखू. कसं वाटस ते.”

“मग? कसं वाटलं?”

“पयला दिन चांगलं वाटनं.” त्यांनी मैत्रीची शाल सारखी केली. “मंग तू खाले बसी ऱ्हायनी नि मी खडक चढी गयी. तव नही वाटनं.”

इतकी वर्षं मला वाटायचं, तो प्रश्न बाजारातल्या बायका मलाच विचारतात. त्यांनाही विचारत असतील हे मनात आलं नव्हतं. पण मी सुनेच्या जागेवर होते आणि एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती मी सांगितली. “अक्का, मैत्रीला आम्ही खरं सांगणार. तिला कळो न कळो, आत्तापासून.”

“सांगा ना. मी कोठे नही म्हनस?” अक्का म्हणाल्या. “पन मी सांगसू. तुमले दोन्हीस्ले सांगता येत नही. काल त्या डॉक्टरनीले सांगं तू, मराठीमा आयकं मी. त्यामा काही मजाच नही.”

परतीची गाडी

कोलंबोत समुद्र पाहिला, खरेदी केली, विमानतळावर सगळ्यांनी एकमेकांचे नंबर घेतले. मॅडमनी मला अळिवाच्या लाडवांची कृती तरीही पाठवली. त्यात सुंठ जास्त आहे, बाकी चांगली आहे.

मुंबईहून धुळ्याच्या गाडीत आमच्यासमोर चाळीसगावला उतरणारी एक बाई बसली होती. तरुण, बोलकी. मैत्रीने तिच्या पिशवीतलं संत्रं ओढून काढलं आणि ओळख झाली. तिने गाल ओढत विचारलं, “कोणत्या दवाखान्यात झाली हो?”

संजयने माझ्याकडे पाहिलं. अक्का पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसल्या.

“माले माहीत नही,” त्या म्हणाल्या. “आमले जळगावले भेटनी. दत्तक शे ना ती. सांगू का?”

बाई म्हणाली, “सांगा ना.”

आणि अक्का सांगू लागल्या. मोठा हॉल होता. दोन्ही बाजूंनी पाळण्यांची रांग. सगळी पोरं झोपलेली. “मी आत गयी. पुढे मी, मांगे हाऊ लेक नि हाई सून. त्यास्ना तं पायच उचलेत ना. आनि हाई एकलीच जागी. मनाकडे टकामका दखी ऱ्हायनी. मी वाकनू नि हात पुढे करा, तं तिनी मना बोट असं धरं, असं, का सोडच ना. मी त्या बाईले सांगं, आते काही दुसरं दखाडू नका. हाईच मनी नात शे.”

समोरची बाई संत्रं सोलायची थांबली होती. शेजारच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थही पेपर खाली करून ऐकत होते.

हॉल नव्हता. पाळण्यांची रांग नव्हती. रांगेतून निवडायचं वगैरे तर मुळीच नसतं. एका छोट्या खोलीत, जिथे पंखा कुरकुरत होता, एका ताईंनी मैत्रीला माझ्या हातात दिलं. ती झोपेत होती आणि तिने कुणाचंही बोट धरलं नाही. अक्का त्या दिवशी गावी होत्या. गुडघे दुखतात म्हणाल्या होत्या. आम्ही आनंदाने फोन केला तेव्हा त्यांनी, तिकडे पाऊस आहे का, एवढंच विचारलं होतं. आमच्या घरी यायला त्यांना पुढचे बरेच दिवस लागले.

संजयने दुरुस्ती करायला तोंड उघडलं. भूगोलाचा मास्तर, चुकीचा नकाशा त्याला बघवत नाही. मी त्याच्या पायावर पाय ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

समोरच्या बाईने डोळ्यांच्या कडा टिपल्या आणि माझ्याकडे वळली. “तुम्ही पण होतात ना तेव्हा तिथे?”

“होते ना,” मी म्हटलं. “अक्कांच्या मागेच उभी होते.”